सौभद्र, वन्स मोअर आणि अकरा ते पंधरा

मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की शनिवार-रविवारी त्यांना न्यायचं कुठे, हा एक नवाच प्रश्न उभा राहतो. बागेचं वय संपलेलं असतं. बालनाट्याचं नाव काढलं तर ‘मी काय लहान आहे का?’ असा चेहरा होतो. मॉलमध्ये येतात, पण आपल्याबरोबर नाही, आपल्या दहा पावलं पुढे. सिनेमालाही येतात, पण तिथे पॉपकॉर्नपलीकडे बोलणं होत नाही. आणि एकदा दहावी लागली की क्लासवाले मुलाचा ताबा घेतात, मग आपण फक्त ड्रायव्हर.

मी एकदा सरळ एक्सेल उघडून हिशोब मांडला (सवय, दुसरं काय!). अकराव्या वाढदिवसापासून नववी संपेपर्यंत साधारण चार वर्षं. म्हणजे दोनशेच्या थोडे वर वीकेंड. त्यातून परीक्षा, सणवार, नातेवाइकांची लग्नं, मित्रांचे वाढदिवस, आपले रिलीज आणि ‘प्लीज जरा पाच मिनिटं लॉग इन कर ना’ वाले रविवार वजा केले, तर माझ्या वाट्याला साठेक उरले. साठ! लेकीचं तेरावं सरत आलंय, म्हणजे त्यातले निम्म्याहून जास्त खर्च झालेत.

तर या साठातले तीन-चार वीकेंड संगीत नाटकाला द्यावेत, असं माझं म्हणणं आहे.

संगीत नाटक म्हटल्यावर काही मंडळींच्या कपाळावर आठी आली असणार. त्यांचा दोष नाही. आपल्या पिढीच्या डोक्यात संगीत नाटक म्हणजे रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागलेलं काहीतरी, ज्यात जरीच्या शेल्यातले एक काका डोळे मिटून गातायत आणि घरातली मोठी माणसं ‘वा!’ म्हणतायत. आपण आपले क्रिकेट कधी लागणार म्हणून वाट बघत बसलेले. त्या आठवणीवर भरवसा ठेवून पोरांना घेऊन कोण जाईल?

आधी दुसऱ्या बाजूबद्दल बोलू. मुंबईत बीकेसीला २०२३ च्या मार्चमध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं. तिथलं मोठं थिएटर दोन हजार खुर्च्यांचं आहे. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतली कितीतरी मुलं ‘साउंड ऑफ म्युझिक’मधली गाणी गॅदरिंगला म्हणत मोठी होतात, त्यामुळे पुण्याहूनसुद्धा लोक गाड्या काढून एक्स्प्रेसवेने गेले. आम्हीही गेलो. तिकिटांच्या पैशात एक बऱ्यापैकी फ्रिज आला असता हे खरं, पण डोळे दिपले. एका क्षणात डोंगर, दुसऱ्या क्षणात बंगल्याचा जिना. एकही माणूस चुकीच्या जागी उभा नाही, एकही सूर इकडचा तिकडे नाही. लेक तेव्हा अकराची होती. परतताना लोणावळ्यापर्यंत ती गात होती.

तेव्हा ‘ते परकीय ते वाईट, आपलं ते सोनं’ असलं काही मला म्हणायचं नाही. जमत असेल तर ते जरूर दाखवा. फक्त ते काय आहे आणि आपलं काय आहे, यातला फरक माहीत असावा. तिकडच्या म्युझिकलमध्ये गाणं हे गोष्टीचं वाहन असतं. माणसाला जे बोलून सांगता येत नाही ते तो गाऊन सांगतो आणि गाणं संपतं तेव्हा गोष्ट पुढच्या स्टेशनावर पोचलेली असते. शिवाय सगळं घोटून घोटून बसवलेलं. आज झालं तसंच उद्या आणि तसंच पुढच्या गावात. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग होऊन साईन-ऑफ मिळालेलं बिल्ड. एवढे पैसे मोजल्यावर माणसाला तेच हवं असतं, आणि ते बरोबरच आहे.

आपलं संगीत नाटक ही एकदम वेगळी भानगड आहे. आणि गंमत म्हणजे ती आपल्यासारख्याच एका नोकरदाराने सुरू केली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांनी एका पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ हे गाण्यांचं नाटक पाहिलं आणि असं मराठीत का होऊ नये, या विचाराने कालिदासाचं ‘शाकुंतल’ घ्यायचं ठरवलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यातच त्याचा प्रयोग झाला. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’. (आपण दोन वर्षांत काय करतो? एक मायग्रेशन, तेही अर्धवट.)

अण्णासाहेबांनी चाली कुठून आणल्या हे बघण्यासारखं आहे. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीचा ठेका, कानडी गाणी, घराघरांतली बायकांची गाणी, थोडंफार रागदारीतलं. लोकांच्या कानावर आधीच असलेल्या चाली उचलायच्या आणि त्यावर आपले शब्द बसवायचे. पदंही कशी, तर बोलल्यासारखी. भांडण पदातून, लाडीगोडी पदातून, निरोपसुद्धा पदातून. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती. म्हणजे सुरुवातीला आपलं संगीत नाटकही गोष्ट गाण्यातून पुढे नेत होतं, बऱ्यापैकी त्या म्युझिकलसारखंच.

मग गायकी आली. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. गोविंदराव टेंबे यांनी त्याला उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या, भामिनीच्या कामात बालगंधर्व. तेव्हापासून पद हे गोष्टीचं वाहन राहिलं नाही, गोष्टीतला मुक्काम झालं. नायिका रागावली आहे एवढं कळलं, आता पुढची दहा मिनिटं ती राग गाणार आणि प्रेक्षक त्या दहा मिनिटांसाठीच आलेले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेव्हा भामिनीचं आणि धैर्यधराचं पुढे काय होतं हे बघायला कोणी आलं असेल असं मला वाटत नाही. ते सगळ्यांना पाठ होतं. दोघं एकासमोर एक कसे गातात, हे ऐकायचं होतं.

हा इतिहास मुलांना सांगायचा नाही. कृपा करून सांगू नका. तो आपल्यासाठी आहे, कारण पहिलं नाटक कोणतं निवडायचं हे त्यावरून ठरतं. माझं मत स्वच्छ आहे: पहिलं नाटक ‘सौभद्र’. छोटी पदं, पळणारी गोष्ट, आणि गोष्ट तरी काय! सुभद्रेला अर्जुन आवडतो. थोरला भाऊ बलराम तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा झालाय. धाकटा भाऊ कृष्ण वरवर त्याच्या होला हो करतो आणि आतून अर्जुनाला संन्याशाच्या वेशात थेट घरात आणून बसवतो. बलराम त्या खोट्या संन्याशाच्या पायावर डोकं ठेवतो. महाभारताचं नाव असलं तरी युद्ध नाही, उपदेश नाही. सरळसरळ रोमँटिक कॉमेडी आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीला रोमँटिक कॉमेडी कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचं यूट्यूब बघावं.

आम्ही मागे एका रविवारी ‘सौभद्र’ला गेलो तेव्हा लेक, माझ्या बहिणीचा अकरा वर्षांचा मुलगा, माझी आई आणि मी असे चौघं होतो. (बायको त्या दुपारी घरी शांत झोपली. संगीत नाटकाचा हाही एक फायदा.) हौशी संस्थेचा साडेबाराचा प्रयोग. हॉल अर्धा भरलेला आणि सरासरी वय काढलं असतं तर ही दोन पोरं आऊटलायर म्हणून गाळावी लागली असती. एक आजोबा तर मागे वळून वळून बघत होते, चुकून आलेत की काय म्हणून.

पहिल्या वीस मिनिटांत भाच्याने दोनदा किती वाजले ते विचारलं. नांदी, सूत्रधार, नटी, सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं. लेकीने ओढणी तोंडावर घेऊन जांभई दिली. आईने माझ्याकडे ‘तरी मी सांगत होते’ अशा अर्थाने पाहिलं. मी काहीच केलं नाही. कंटाळा यायला लागला की लगेच खिशातून काहीतरी काढून देण्याची आपल्याला सवय लागली आहे. कंटाळ्यालाही जरा वेळ द्यावा लागतो. तो पिकला की मूल आपोआप समोर बघायला लागतं, कारण बघायला दुसरं काही नसतं.

मग कृष्ण आला. तिशीतला मुलगा होता, आयटीतला असावा असा मला दाट संशय आहे, कारण मान किंचित पुढे होती. पण काम फर्मास करत होता. सगळ्यांना वाटतं आपण आपल्या मनाने वागतोय, आणि वागतात सगळे याच्या प्लॅनप्रमाणे. (असा एक मॅनेजर प्रत्येक कंपनीत असतो, फक्त तो गात नाही.) पंधरा मिनिटांनी लेक पुटपुटली, ‘बाबा, हा सगळ्यांना खेळवतोय.’ मी म्हटलं झालं, आता ही उठत नाही.

आणि मग एका पदानंतर मागून आवाज आला, ‘वन्स मोअर!’

भाचा दचकलाच. ‘मामा, ते ओरडले का?’

म्हटलं, त्यांना पुन्हा ऐकायचंय.

‘असं सांगता येतं?’

येतं. कृष्णाने मान झुकवली, चार पावलं मागे गेला, ऑर्गनवाल्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली. पहिल्यांदा गायला होता तेव्हा दुसऱ्या ओळीवर तो सरळ गेला होता. या वेळी त्याच ओळीवर थांबला, वळसा घेतला, वर गेला. वर एका जागी आवाज जरा चिरकला, त्याने तो तिथल्या तिथे सावरला आणि तबलजीने मान डोलावत त्याला समेवर आणून सोडलं. टाळ्या. भाचा माझ्या कानाला लागला.

‘मामा, आत्ता त्याने वेगळं म्हटलं.’

‘हो.’

‘मग ओरिजिनल कुठलं?’

मला या प्रश्नाने पुढचा आठवडाभर छळलं. खरंच, ओरिजिनल कुठलं? जुन्या छापील नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर नुसती ‘चाल’ म्हणून एका गाण्याचं नाव लिहिलेलं असतं. म्हणजे हे पद त्या गाण्यासारखं म्हणायचं. त्यातली कितीतरी गाणी आज कोणाला येत नाहीत. मूळ चाल हरवली, तिच्यावर बेतलेलं पद मात्र जवळजवळ दीडशे वर्षं एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी येत राहिलं, आणि प्रत्येकाने त्यात आपलं थोडं घातलं. मास्टर कॉपी नाहीच. आपल्याकडे असा कोड कोणी चेक-इन केला तर आपण त्याला उभं जाळू!

आता भाच्याच्या बाजूने बघा. त्याने जन्मापासून हजारो गाणी ऐकली असतील. त्यातलं प्रत्येक गाणं त्याच्यापर्यंत तयार होऊन, पॅक होऊन आलंय. शंभर वेळा लावलं तरी शंभर वेळा तेच, श्वाससुद्धा त्याच जागी. स्टेडियममधल्या कॉन्सर्टला गेलं तरी लोकांना रेकॉर्डसारखंच हवं असतं. गाणं समोर तयार होताना, तेही पडण्याची शक्यता शिल्लक असताना, त्याने कधी बघितलंच नव्हतं. ते त्याला दीड मिनिटात दिसलं, आणि मी एक शब्दही समजावून सांगितला नव्हता.

अकरा ते पंधरा हे वय यासाठीच बरोबर आहे असं मला वाटतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला रंगीत मुकुट दिसतात (आणि काही नाट्यगृहांत अशांसाठी काचेची वेगळी खोली असते, तिथे आई बिचारी बाळाला घेऊन नाटक बघते). वीस वर्षांचा मुलगा आपल्याबरोबर येणार नाही. मधली ही मुलं मात्र दिवसभर एकाच भीतीत असतात: वर्गात उभं केलं आणि चुकलो तर? सगळे हसले तर? फोटो काढला तरी पाच वेळा एडिट केल्याशिवाय कोणाला पाठवत नाहीत. त्यांच्यासमोर एक मोठा माणूस चारशे लोकांपुढे उभा राहतो, न ठरवलेली जागा घ्यायला जातो, थोडा घसरतो, सावरतो, आणि लोक त्यालाच टाळ्या देतात. लेकीने त्या चिरकण्याबद्दल घरी आल्यावर आईला विचारलं, ‘आजी, तो चुकला ना तिथे?’

आईचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ‘चुकला. पण गेला ना तिथे! त्या सुभद्रेसारखं नाही, सगळं गुळगुळीत. शिवाय तिने शेवटची तान पळवली.’ मग पुढची वीस मिनिटं दोघींनी मिळून सगळ्या नटसंचाची सालं काढली. बलराम जाड हवा होता. नारदाचे हातवारे फार. घटोत्कच मात्र मस्त. आमच्या घरात आजी आणि नातीमध्ये एरवी होणारा संवाद म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘हो’. आजीला शंभर पदं तोंडपाठ आहेत आणि त्यांच्याबद्दल तिची मतं तिखट आहेत, हे लेकीला त्या दिवशी कळलं. एखादी गोष्ट आवडणं आणि तिच्यातल्या चुका काढणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात, हेही.

‘पण पदांचे शब्द मुलांना कळणार नाहीत’ हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकतो, विशेषतः इंग्रजी माध्यमवाल्यांकडून. नाही कळणार. आपल्याला तरी सगळे कुठे कळतात? पण बीटीएसची कोरियन गाणी तोंडपाठ असलेल्या मुलीबद्दल हे कारण देण्यात काही अर्थ नाही. गद्य कळतं, गोष्ट कळते, आणि पदात माणूस रागावलाय की लाडात आलाय ते आवाजावरून कळतं. बाकीचं राहू द्या.

यापेक्षा मला दुसऱ्या टोकाच्या पालकांची जास्त धास्ती वाटते. मुलांना ‘आपली संस्कृती कळावी’ म्हणून नाटकाला नेणारे. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांच्या मुलांबद्दल सहानुभूती जास्त आहे. जाताना गाडीत इतिहास, नाटकात कानाशी कुजबुज, येताना ‘मग, काय शिकलास?’ अहो, ऑफिसात प्रत्येक स्प्रिंटनंतर आपल्याला रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये बसवतात तेव्हा आपला जीव किती जातो ते आठवा. मूल काही बोललं तर बोला. नाही बोललं तर बटाटावडा खा आणि गप्प बसा. पुण्यात असाल तर मध्यंतरातला बालगंधर्वचा बटाटावडा चुकवायचाच नसतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, मुलाला नाटक आवडलं म्हणून दुसऱ्या दिवशी गाण्याचा क्लास लावू नका. प्रेक्षक असणं हीसुद्धा एक पूर्ण गोष्ट आहे. आपल्याकडे गाणारी मुलं रिअ‍ॅलिटी शोमुळे भरपूर झाली आहेत, ऐकणारी कमी पडतायत.

जाण्याआधी आमचा एक करार असतो: मध्यंतरापर्यंत बसायचं, नंतर निघायचं असेल तर निघू, मी एक शब्द बोलणार नाही. हा करार खरा असावा लागतो, मुलांना खोटा करार पाच सेकंदांत कळतो. आमच्याकडे अजून कोणी निघालेलं नाही, पण दार उघडं आहे हे माहीत असल्यामुळेच बसतात असा माझा अंदाज आहे.

जागा पुढची घ्या, आणि साथीदार ज्या बाजूला बसलेत ती. ऑर्गनवाल्याचे पाय दिसले पाहिजेत. पायाने भाता मारत हाताने वाजवायचं हे बघूनच अर्धी मुलं खूश होतात. आणि तबलजी सहसा तबल्याकडे बघत नाही, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. पुढचं अक्षर यायच्या आत त्याला कळलेलं असतं. लेकीला मी नाटकाआधी एवढं एकच सांगितलं होतं, त्याच्याकडे बघ म्हणून. दुसऱ्या अंकात तिचं अर्धं लक्ष त्याच्याचकडे होतं.

‘सौभद्र’ पचलं की मग पुढे. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला ते आजही बोचेल. पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या पोरीचं लग्न एका थेरड्याशी लावायला निघालाय आणि गावातले मोठे लोक त्यात आपापला फायदा बघतायत. (बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या कायद्याला सारडा कायदा म्हणतात ते हरविलास सारडांमुळे, या शारदेमुळे नाही. पण मराठीत दोन्ही नावं इतकी जवळ आलीत की अनेकांना तसंच वाटतं.) ‘मानापमान’ जरा उशिरा दाखवा, कान तयार झाल्यावर. त्या निमित्ताने बालगंधर्वांचा विषय निघतोच. एक पुरुष नायिकेची कामं करायचा आणि बायका त्याच्यासारखं नेसायला बघायच्या, हे आपल्या पिढीला सांगताना मोठी माणसं जरा अवघडायची. आजच्या मुलांना त्यात काही अवघड वाटत नाही. लेक म्हणाली, ‘कूल’, आणि विषय संपला. ‘एकच प्याला’ मात्र एवढ्यात नको. १९१९ चं ते नाटक मोठं आहेच, पण दारूने घराची धूळधाण होताना पाच अंक बघायला जरा वय लागतं.

आणि संगीत नाटक म्हणजे फक्त जुनं असंही नाही. २०१७ च्या शेवटी प्राजक्त देशमुखचं ‘संगीत देवबाभळी’ आलं. रंगमंचावर दोनच बायका: तुकारामांची आवली, पायात काटा मोडून पडलेली, आणि तिची सेवा करायला वेष बदलून आलेली रखुमाई. दोघींचीही तक्रार एकाच विठ्ठलाबद्दल. आनंद ओक यांचं संगीत. त्याचे २०२३ पर्यंत पाचशेच्या घरात प्रयोग झाले आणि तिथे मी कॉलेजची मुलं गटागटाने आलेली पाहिली आहेत. तेव्हा ‘तरुण येत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. त्यांना कोणीतरी आधी एकदा आणलेलं असलं की येतात.

बाकी अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू. संगीत नाटकाचे प्रयोग कमी लागतात आणि तिकिटांच्या अ‍ॅपवर हमखास सापडत नाहीत. शनिवार-रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती अजूनही बघाव्या लागतात. हे काम आमच्याकडे आईकडे आहे. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी फेरी असते, तिथे तिकीट अगदी नाममात्र असतं आणि वेगवेगळ्या गावांतली मंडळी जीव तोडून करतात. गोव्यात नातेवाईक असतील तर देवळाच्या उत्सवातलं गावकऱ्यांचं नाटक चुकवू नका, तिथे तर सगळं गाव साथीला असतं. नाट्यगृहांच्या अवस्थेबद्दल न बोललेलं बरं. आम्ही गेलो त्या नाट्यगृहात (नाव घेत नाही) एसी पहिल्या अंकानंतर बंद पडला आणि सुभद्रेचा कॉलर माईक ऐन विरहात शिट्टी मारायला लागला. शेवटी तिने तो काढून ठेवला आणि तशीच गायली. पूर्वी माईक नसताना गायक वरच्या पट्टीत का गायचे, याचं प्रात्यक्षिक फुकटात मिळालं. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचला.

आईने परवा पेपरातून आणखी एक बातमी काढली आहे. पुढच्या महिन्यात ‘कट्यार काळजात घुसली’चा प्रयोग लागतोय. १९६७ चं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब, हे सगळं आई फोनवर भाच्याला सांगायला निघाली होती, तेवढ्यात मी फोन हातातून घेतला. त्याला एवढंच सांगितलं, की गोष्टीत एक कट्यार आहे आणि ती ज्याच्याकडे असेल त्याला एक खून माफ असतो.

‘एकच?’

‘एकच.’

‘मग त्याने कोणाला मारलं?’

तिकिटं या वेळी पाच काढायची आहेत. बायको म्हणतेय, झोप काय, रात्रीही होते.